कॉस्मेटिक्सचं पार्सल परदेशात पुन्हा पुन्हा अडकतंय? आधी ते कोणी अडवलं ते बघा

क्रीम, सीरम, लिपस्टिक, तेल असं काहीतरी परदेशात पाठवलंय, ट्रॅकिंगवर आठ दिवस 'क्लिअरन्स डिले' एवढी एकच ओळ दिसतेय, मग एक दिवस 'रिटर्न टू सेंडर' येतं आणि महिन्याभराने कोपरे चेपलेला बॉक्स दारात हजर. पुन्हा पाठवलं की पुन्हा तेच. एकदा झालं तर समजू शकतो, पण तिसऱ्यांदा होत असेल तर तो नशिबाचा भाग नाही, तुमच्या कागदांत किंवा लेबलवर एक ठरावीक चूक आहे आणि ती दर वेळी मालाबरोबरच जातेय.

अशा वेळी बहुतेक जण तीन गोष्टी करतात. कुरिअर बदलतात, इन्व्हॉइसवरची किंमत कमी करतात, नाहीतर सरळ 'गिफ्ट' असं लिहून टाकतात. कृपा करून यातलं काहीच करू नका. कुरिअर बदलला तरी माल तोच राहतो, कमी किंमत दाखवणं हा स्वतंत्र गुन्हा होतो, आणि एकाच पत्त्यावर एकसारख्या चाळीस डब्या 'गिफ्ट' म्हणून गेल्या तर तपासणाऱ्याला त्यात काय आहे ते न उघडताच कळतं.

पहिलं काम म्हणजे पार्सल नक्की कोणी थांबवलं ते शोधायचं, कारण थांबवणारे तीन वेगवेगळे लोक असतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. एक म्हणजे कुरिअर किंवा विमान कंपनी, त्यांना फक्त एवढंच बघायचं असतं की माल विमानात पेट घेणार नाही ना, गळणार नाही ना. दुसरे कस्टम्स, त्यांना माल काय आहे, कोड कोणता, किंमत किती आणि ड्युटी कोण भरणार ते हवं असतं. तिसरं त्या देशातलं आरोग्य किंवा ग्राहक सुरक्षेचं खातं, त्यांना डबीच्या आत काय आहे आणि डबीवर काय लिहिलंय यात रस असतो. ट्रॅकिंगवरचं शेवटचं ठिकाण बघा. माल तुमच्याच देशाच्या विमानतळावरून मागे फिरला असेल तर बहुतेक वेळा पहिला प्रकार. पोचल्यावर ईमेल आला आणि त्यात किंमत, वर्णन, माल घेणाऱ्याचा टॅक्स नंबर असलं काही मागितलं असेल तर दुसरा. आणि प्रॉडक्टगणिक वेगळी नोटीस आली, एक प्रॉडक्ट सोडलं आणि दुसरं रोखलं असं झालं, तर तिसरा. अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याची, नोटीस अशीच येते, बॉक्समधल्या प्रत्येक आयटमची वेगळी ओळ असते, रोखण्याचं कारण असतं आणि उत्तर देण्याची शेवटची तारीख असते. ती तारीख चुकवू नका, ती गेली की माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं याशिवाय फारसं काही हातात राहत नाही.

एक केस सांगते, कारण तिच्यात सगळं आलं. एका छोट्या ब्रँडचं केसांचं तेल तीन वेळा परत आलं होतं. पहिल्यांदा इन्व्हॉइसवर नुसतं 'ब्यूटी प्रॉडक्ट्स' लिहिलं होतं, त्यांना वाटलं म्हणून आलं परत, मग दुसऱ्यांदा नीट 'हेअर ऑइल' लिहिलं, कोड टाकला, परत आलं. तिसऱ्यांदा महागडा कुरिअर घेतला, तरी परत. माझ्यासमोर बाटली ठेवली तेव्हा मी इन्व्हॉइस बाजूला ठेवला आणि आधी लेबल वाचलं. पुढच्या बाजूला नाव, खाली पानाफुलांची चित्रं आणि मागे बारीक अक्षरात एक ओळ, केस गळणं थांबवतं, नवीन केस उगवतात. बस, तीच ओळ. अमेरिकेत केस उगवण्याचा किंवा गळणं थांबवण्याचा दावा केला की ते तेल कॉस्मेटिक राहतच नाही, औषध होतं, मग आत निव्वळ खोबरेल का असेना. तपासणाऱ्याने तेल तपासलंच नव्हतं, त्याने ओळ वाचली होती. त्यांनी नवीन लेबल छापलं, केसांना मऊपणा आणि चमक देतं एवढंच ठेवलं, वेबसाइटवरूनही ती ओळ काढली, आणि चौथा बॉक्स गेला.

वेबसाइटचं मुद्दाम सांगतेय कारण लोक तिथे फसतात. लेबल स्वच्छ करतात आणि त्याच डबीवर क्यूआर कोड असतो, तो जिथे नेतो तिथे 'पिंपल्स बरे होतात, एक्झिमावर रामबाण' असं लिहिलेलं असतं. प्रॉडक्ट कशासाठी विकलं जातंय हे ठरवताना तो मजकूरही बघितला जातो, ग्राहकांचे जे अनुभव तुम्ही स्वतः निवडून पानावर लावता तेसुद्धा.

तर कॉस्मेटिक की औषध हा प्रश्न बॉक्स भरण्याआधी सोडवायचा, आणि तो प्रत्येक देशासाठी वेगळा सोडवायचा. सनस्क्रीन घ्या. युरोपियन युनियनमध्ये ते कॉस्मेटिक आहे. अमेरिकेत तेच ओव्हर द काउंटर औषध आहे, नुसतं डे क्रीमवर एसपीएफ १५ लिहिलं तरी ते औषधात गेलं. कॅनडातही सनस्क्रीन कॉस्मेटिकमध्ये धरत नाहीत. कोंडा घालवणारा शाम्पू, घाम रोखणारं अँटीपर्स्पिरंट, फ्लोराइडची टूथपेस्ट, ही सगळी अमेरिकेच्या हिशेबाने औषधं आहेत. जपानमध्ये मधला एक तिसरा वर्ग आहे, क्वाझी ड्रग, त्यात त्वचा उजळवणारी आणि केस रंगवणारी बरीचशी प्रॉडक्ट्स बसतात. म्हणजे 'तिकडे चाललं होतं' हे इकडे चालण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता उजळवण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. हायड्रोक्विनोन असलेलं स्किन लाइटनिंग क्रीम युरोपात कॉस्मेटिक म्हणून चालत नाही आणि २०२० पासून अमेरिकेतही प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाही. पारा असलेलं क्रीम तर कुठेच पाठवू नका, मिनामाता या पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली ते हद्दपार केलेलं आहे, आणि हे फक्त कागदाचं प्रकरण नाही, त्याने माणसाच्या किडनीला इजा होते, आणि तेच क्रीम आई लावते तेव्हा तिच्या हाताचा पारा बाळापर्यंत जातो. दुसऱ्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकत असाल तर त्या बॅचचा हेवी मेटल रिपोर्ट हातात आल्याशिवाय माल उचलू नका.

रंगाचं प्रकरणही असंच, दिसायला लहान आणि अडवायला सगळ्यात पुढे. अमेरिकेत कॉस्मेटिकमधला जवळपास प्रत्येक रंग आधी मंजूर झालेला लागतो आणि तोही त्याच वापरासाठी. मेंदी केसांना चालते, त्वचेवर लावण्यासाठी मंजूर नाही, त्यामुळे हातावर काढायच्या मेंदीचे कोन तिथे रोखले जातात. काजळ आणि सुरमा, ज्यात शिशाचं संयुग असतं तो पारंपरिक प्रकार, तो मंजूर रंगांच्या यादीतच नाही. कोळशापासून आणि डांबरापासून येणारे बरेचसे कृत्रिम रंग तर बॅचगणिक एफडीएकडून सर्टिफाय झालेले लागतात, म्हणजे तुमच्या सप्लायरचा 'कॉस्मेटिक ग्रेड' हा शब्द पुरत नाही, त्या लॉटचा सर्टिफिकेशन नंबर विचारा. आणि एकच रंग दोन ठिकाणी दोन नावांनी लिहावा लागतो. युरोपात सीआय १५८५० असा रंगाचा नंबर लिहिता, अमेरिकेत तिथलं मंजूर नाव म्हणजे रेड ६ किंवा रेड ७ लिहावं लागतं. दोन्ही बाजारांत विकणारे दोन्ही नावं तिरकी रेघ देऊन शेजारी शेजारी छापतात, पाण्याचंही तसंच, अ‍ॅक्वा आणि वॉटर.

लेबलवर जरा थांबूया कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भानगडी इथेच असतात. घटकांची नावं आयएनसीआय या आंतरराष्ट्रीय नामपद्धतीने हवीत, म्हणजे 'खोबरेल तेल' किंवा 'कोकोनट एक्स्ट्रॅक्ट' नाही, तर कोकोस न्यूसिफेरा ऑइल. क्रम वजनाने उतरता, एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. 'सिक्रेट हर्बल बेस' असं काही लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय, त्या एका शब्दावर माल परत येतो. युरोपसाठी डबीवर बॅच नंबर, प्रॉडक्टचं काम काय ते, वजन किंवा मिली, बाहेरून आलेलं असेल तर मूळ देश, सावधगिरीच्या सूचना, आणि तिथल्या रिस्पॉन्सिबल पर्सनचं, म्हणजे प्रॉडक्टची कायदेशीर जबाबदारी घेणाऱ्याचं, नाव पत्ता, एवढं लागतं. टिकण्याची मुदत ३० महिने किंवा कमी असेल तर तारीख छापायची, त्याहून जास्त असेल तर उघड्या डबीचं ते छोटं चित्र आणि आत '१२एम' सारखा आकडा, म्हणजे उघडल्यावर बारा महिने. हे चित्र लोक शोभेसाठी टाकतात आणि तारीखही टाकतात आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, असं करू नका. अमेरिकेसाठी वजन औंसात आणि ग्रॅम किंवा मिलीत, दोन्ही, आणि तेही पुढच्या बाजूला, मागे नाही. कॅनडाला मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत.

सुगंधी प्रॉडक्ट असेल तर आणखी एक. नुसतं 'परफ्यूम' लिहून युरोपात भागत नाही, अ‍ॅलर्जी करणारे ठरावीक सुगंधी घटक नावाने लिहावे लागतात. आधी ही यादी २६ घटकांची होती, २०२३ मध्ये ती वाढवून ८० च्या वर नेली. नवीन प्रॉडक्ट्सना ३१ जुलै २०२६ पासून आणि आधीच बाजारात असलेल्यांना ३१ जुलै २०२८ नंतर ती लागू. त्वचेवर राहणाऱ्या प्रॉडक्टमध्ये ०.००१ टक्के आणि धुऊन टाकायच्या प्रॉडक्टमध्ये ०.०१ टक्के, याच्या वर गेलं की नाव लिहायचं. 'आमचं नॅचरल आहे, इसेन्शिअल ऑइलच आहे' हा बचाव इथे उलटा पडतो, लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल हे सगळे त्या नैसर्गिक तेलांतूनच येतात. सुगंध देणाऱ्या सप्लायरकडून अ‍ॅलर्जन डिक्लरेशन मागून घ्या, तो देत नसेल तर सप्लायर बदला.

आता नोंदणीचं. युरोपियन युनियनमध्ये माल विकायचा तर तिथे बसलेला रिस्पॉन्सिबल पर्सन लागतो, नियम १२२३/२००९ चा आहे आणि जुलै २०१३ पासून पूर्ण लागू आहे. त्याच्याकडे प्रॉडक्टची फाइल असते, सेफ्टी रिपोर्ट असतो, तो पात्र असेसरने सही केलेला लागतो, आणि सीपीएनपी या युरोपच्या कॉस्मेटिक नोंदणी पोर्टलवर नोंद होते. ही फाइल शेवटची बॅच बाजारात आल्यापासून दहा वर्षं ठेवायची असते. लोक म्हणतात मी तर फक्त ऑनलाइन ऑर्डर पाठवतेय, दुकान थोडंच टाकलंय, पण तुमची साइट तिकडच्या गिऱ्हाइकाला उद्देशून विकत असेल तर ते बाजारात आणणंच धरलं जातं. ब्रिटन २०२१ पासून वेगळं झालंय, तिथे रिस्पॉन्सिबल पर्सन वेगळा आणि पोर्टलही वेगळं, पण उत्तर आयर्लंड मात्र युरोपच्याच नियमाने चालतं, त्यामुळे 'यूके' असं एक खातं करून दोन्ही पत्त्यांना एकच लेबल पाठवू नका.

अमेरिकेत २०२२ च्या मोक्रा या कॉस्मेटिक्सच्या कायद्याने चित्र बदललं. कारखान्याची नोंदणी, प्रॉडक्ट लिस्टिंग, परदेशी कारखान्याला तिथला एजंट, आणि लेबलवर अमेरिकेतला पत्ता, फोन किंवा वेबसाइटसारखा संपर्क, जेणेकरून कोणाला त्रास झाला तर तो कळवू शकेल. गंभीर त्रासाची तक्रार आली तर १५ कामकाजाच्या दिवसांत एफडीएला कळवायची. छोट्या धंद्याला, म्हणजे तिथली तीन वर्षांची सरासरी विक्री वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत असेल तर, नोंदणी आणि लिस्टिंगमधून सूट आहे, पण डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेला लागणाऱ्या प्रॉडक्ट्सना ती सूट मिळत नाही. आणि सूट असली तरी रंगाचे आणि लेबलचे नियम आहेतच.

विमान कंपनीने परत केलं असेल तर वरचं सगळं सोडा आणि एसडीएस, म्हणजे प्रॉडक्टच्या सुरक्षेची माहिती देणारा कागद, उघडा. भाग ९ मध्ये फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो आकडा, असतो आणि भाग १४ मध्ये वाहतुकीची माहिती. फ्लॅश पॉइंट ६० अंश सेल्सिअस किंवा खाली असेल तर ते ज्वलनशील द्रव, डेंजरस गुड्स. धोकादायक मालाचे यूएन नंबर असे: परफ्यूम यूएन १२६६, नेलपॉलिश यूएन १२६३, अ‍ॅसिटोनचं रिमूव्हर यूएन १०९०, स्प्रेचे कॅन यूएन १९५०. ही साध्या पोस्टाने किंवा साध्या कुरिअरने न सांगता टाकायची वस्तू नाही, पकडलं तर माल जातो आणि अकाउंटही बंद होऊ शकतं, आणि न पकडलं तर तो बॉक्स माणसं बसलेल्या विमानाच्या पोटात जातो हे डोक्यात ठेवा. टोनर किंवा फेस मिस्टमध्ये अल्कोहोल असेल तर टक्केवारी बघा, पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल आकारमानाने २४ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर विमानाच्या नियमांत सूट आहे, पण ते सिद्ध करणारा कागद बॉक्सबरोबर हवा. उलटाही घोळ होतो. पावडर, लिपस्टिक, साधं क्रीम यांना काही धोका नसतो, पण एसडीएसचा भाग १४ रिकामा सोडलेला असतो आणि तपासणारा रिकाम्या जागेला 'माहीत नाही' असं वाचतो. तिथे 'वाहतुकीसाठी धोकादायक नाही' हे शब्द लिहून घ्या. गिफ्ट सेटमध्ये चार्जिंगचा फेस ब्रश टाकला असेल तर लिथियम बॅटरीचे नियम वेगळे लागतात.

इन्व्हॉइसबद्दल थोडक्यात. कस्टम्सचे कोड असे: परफ्यूम ३३०३, मेकअप आणि स्किनकेअर ३३०४, केसांचं ३३०५, दातांचं ३३०६, डिओ आणि शेव्हिंगचं ३३०७, साबण ३४०१, आणि लिक्विड किंवा क्रीम स्वरूपातला फेसवॉशसुद्धा ३४०१ मध्येच जातो, ३३०४ मध्ये नाही, ही चूक खूप होते. बनवणाऱ्याचा खरा पत्ता लिहा, फक्त पाठवणाऱ्याचा नाही. फ्री सॅम्पल असलं तरी किंमत शून्य चालत नाही, वाजवी किंमत आणि 'फक्त कस्टम्ससाठी' असं लिहा. अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतची ड्युटी माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली आहे, त्यामुळे ड्युटी तुम्ही भरणार की गिऱ्हाईक, हे ऑर्डर घेतानाच ठरवा, नाहीतर ते दारात पैसे द्यायला नकार देतं आणि पार्सल तुमच्याकडे येतं, जे नियमांत अगदी बरोबर असूनही परत आलेलं असतं.

वनस्पतींचं एक सांगायचं राहिलं. साधं अ‍ॅलोव्हेरा साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परमिटमधून वगळलेलं आहे, पण अ‍ॅलो फेरॉक्स, रक्तचंदन, अगरवूड यांना ते लागू शकतं. लेबलवर नुसतं 'अ‍ॅलो' किंवा 'सँडलवूड' लिहिलं तर कोणता ते विचारलं जातं, म्हणून पूर्ण लॅटिन नाव लिहा.

आणि आत्ता, या क्षणी, माल अडकलेला असेल तर दुसरा बॉक्स पाठवू नका. कारण लेखी मागा, फोनवर नको. लेबलचा फोटो, इन्व्हॉइस, एसडीएस, घटकांची यादी आणि वेबसाइटचं पान एकमेकांशेजारी ठेवा आणि प्रॉडक्टचं नाव पाचही ठिकाणी अक्षर न अक्षर तेच आहे का बघा, 'रोझ ग्लो सीरम' एका ठिकाणी आणि 'फेस ऑइल रोझ' दुसऱ्या ठिकाणी असेल तर त्यांच्यासाठी ती दोन वेगळी प्रॉडक्ट्स आहेत. मागितलेले कागद एकदम, एकाच ईमेलमध्ये द्या, तुकड्यातुकड्याने दिले की दर वेळी फाइल रांगेच्या शेवटी जाते. मिक्स बॉक्स असेल तर विचारा की नेमका कोणता आयटम अडलाय, कारण एका नेलपॉलिशपायी वीस क्रीम थांबलेली असतात, आणि पुढच्या वेळी तो आयटम वेगळ्या बॉक्समध्ये टाका.

बॉक्स परत आलाच तर उघडून लगेच पुढच्या ऑर्डरला लावू नका. तो कित्येक दिवस गरम गोदामात आणि थंड विमानात फिरलेला असतो. प्रत्येक बॅचची एक डबी उघडा, क्रीममधून पाणी किंवा तेल सुटलंय का, वास बदललाय का, पंपाच्या मानेशी गळलंय का ते बघा, घरात ठेवलेल्या त्याच बॅचच्या डबीशी ताडून बघा, आणि शंका वाटली तर ती बॅच विकायची नाही.